हुमणीवरचा एम.एस्सी.चा प्रयोग ‘नॉन-सिग्निफिकंट’ का येतो, आणि येत्या जूनमध्ये तो कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी. (कृषी), कीटकशास्त्र. वाळवा तालुक्यात एका शेतकऱ्याच्या उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या पिकात) हुमणीवर, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर, प्रयोग घेतला. आरबीडी (शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठीने वाटायची मांडणी), आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन (पुनरावृत्त्या). मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरशीचे तीन डोस, बिव्हेरिया ही दुसरी बुरशी, कीड मारणारी सूत्रकृमी, निंबोळी पेंड, तुलनेला फोरेट हे कीटकनाशक आणि एक अनट्रीटेड. सप्टेंबरच्या सुरुवातीला बेटं पिवळी दिसू लागल्यावर ट्रीटमेंट दिल्या. ३० आणि ६० दिवसांनी प्रत्येक वाफ्यात एक खड्डा घेऊन अळ्या मोजल्या. सगळं नॉन-सिग्निफिकंट आलं (ट्रीटमेंटमधला फरक संख्याशास्त्राने सिद्ध झाला नाही), सीव्ही (आकड्यांतल्या चढउताराचं प्रमाण) प्रचंड. गाईड म्हणतात, पुन्हा घ्या. काय बदलू?

या आकड्यांवरून बुरशी निकामी ठरली असं म्हणता येत नाही. ती उत्तम चालली असती, तरी या मांडणीत ते दिसलं नसतं. हुमणी शेतात सारखी पसरलेली नसते, एका खड्ड्यात सात अळ्या सापडतात आणि हाताच्या अंतरावर सलग तीन खड्डे रिकामे निघतात. मावा-तुडतुड्यांच्या प्रयोगाचा साचा हुमणीला लावला की पहिला फटका इथेच बसतो.

आकड्यांत पाहा. समजा खड्ड्यामागे सरासरी २ अळ्या आणि व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) ६ आहे (हुमणीत व्हेरियन्स सरासरीच्या तिप्पट असणं अजिबात नवल नाही). तुमच्याकडे एका ट्रीटमेंटचे एकूण खड्डे तीन. ६ भागिले ३, त्याचं वर्गमूळ १.४. म्हणजे २ या सरासरीला १.४ चा स्टँडर्ड एरर (सरासरीतली संभाव्य चूक), जवळजवळ ७० टक्के. अशा सरासऱ्यांत एखाद्या ट्रीटमेंटने अळ्या निम्म्यावर आणल्या तरी एफ-टेस्टला ते कळणार नाही. तेच चार रेप्लिकेशन आणि वाफ्यामागे चार खड्डे घेतले, तर एका ट्रीटमेंटचे १६ खड्डे होतात आणि स्टँडर्ड एरर ०.६ वर येतो. एकाच वाफ्यातले खड्डे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसल्यामुळे प्रत्यक्ष फायदा याहून थोडा कमी मिळेल, पण दिशा हीच. मात्र वाफ्यातले चार खड्डे म्हणजे चार रेप्लिकेशन नव्हेत. त्यांची बेरीज करून वाफ्याला एकच आकडा द्यायचा. ते वेगवेगळे रेप्लिकेशन म्हणून ट्रीटमेंटमधला फरक तपासणाऱ्या गणितात, म्हणजे अ‍ॅनोव्हात घातले, तर एरर डीएफ (चुकीचा अंदाज किती स्वतंत्र आकड्यांवर उभा आहे ती संख्या) खोटा फुगतो आणि व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

खड्डे वाढवायचे तर ट्रीटमेंट कमी करायला हव्यात, कारण मजूर, दिवस आणि ऊस तिन्ही मर्यादित आहेत. आठावरून सहावर या. मेटारायझियमचे तीन डोस शेतात तपासू नका. तो प्रश्न प्रयोगशाळेतल्या बायोअसेचा (अळ्यांना ठरावीक डोस देऊन मर मोजण्याच्या चाचणीचा) आहे, शेतातल्या अळीच्या गर्दीत तीन डोसांमधला फरक बुडून जातो. पुढचे सहा पुरे आहेत: मेटारायझियम एकदा, मेटारायझियम ३० दिवसांच्या अंतराने दोनदा, हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही सूत्रकृमी, मेटारायझियम आणि सूत्रकृमी एकत्र, शिफारशीतलं कीटकनाशक, आणि फक्त शेणखत. सहा ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन, एरर डीएफ पाच गुणिले तीन म्हणजे १५. नेहमीच्या किमान बारापेक्षा जास्त, त्यामुळे सायनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) तपासणाऱ्या कमिटीलाही हरकत घेता येत नाही.

फोरेट काढाच. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. जुन्या थीसिसमधून ‘स्टँडर्ड चेक’ उचलताना ते अजून उतरवलं जातं, आणि गावात ‘थिमेट’ (फोरेटचं बाजारातलं नाव) मागितलं की कुठूनतरी मिळतंही. पण बंदी असलेलं रसायन प्रयोगात वापरलं, तर त्या तुलनेतून शेतकऱ्याला देण्याजोगी शिफारस निघत नाही. उसातल्या हुमणीसाठी लेबलवर असलेलं फिप्रोनिल ४०% + इमिडाक्लोप्रिड ४०% डब्ल्यूजी हे मिश्रण हेक्टरी ५०० ग्रॅम घ्या. खरेदीच्या दिवशी लेबलवर पीक आणि कीड दोन्ही वाचून त्याचा फोटो ठेवा.

आता वेळ, आणि तुमच्या प्रयोगात सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं आहे. आपल्याकडच्या होलोट्रिकिया सेराटाचे भुंगेरे वळवाच्या किंवा मॉन्सूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर मे-जूनमध्ये संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, तिथेच मिलन होतं आणि उजाडायच्या आत परत मातीत जातात. अंडी १० ते १५ दिवसांत उबतात. अळीची पहिली अवस्था २५ ते ३० दिवस, दुसरी ३० ते ४५ दिवस आणि तिसरी १४० ते १४५ दिवसांची. म्हणजे सप्टेंबरमध्ये बेट पिवळं पडतं तेव्हा खाली तिसऱ्या अवस्थेची, भरपूर चरबीची दांडगी अळी बसलेली असते. बुरशी आणि सूत्रकृमी दोन्ही लहान अळीवर चालतात, तिसऱ्या अवस्थेत त्यांचा परिणाम फार घटतो. शेतकरी पिवळेपणा पाहून धावतो हे समजण्यासारखं आहे. प्रयोगाने मात्र भुंगेऱ्याच्या उड्डाणापासून दिवस मोजायला हवेत.

म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळात शेताजवळची तीन-चार ठरावीक झाडं बघा. फांदी हलवून खाली अंथरलेल्या कापडावर पडणारे भुंगेरे मोजा, तारीख आणि पाऊस लिहा. मोठं उड्डाण ज्या रात्री झालं, त्या तारखेपासून २५ ते ३० दिवसांनी पहिली ट्रीटमेंट. उड्डाण ५ जूनला झालं तर साधारण १ ते ५ जुलै. मेटारायझियमचा दुसरा हप्ता त्यानंतर ३० दिवसांनी. हंगाम खोडवा किंवा सुरू निवडा. जानेवारीतल्या सुरूची मोठी बांधणी याच सुमारास किंवा थोडी आधी येते, पिकाला मुळं असतात, आणि काढणी पुढच्या जानेवारीच्या आसपास होऊन लिहायला वेळ उरतो. त्यातही खोडवा बरा, कारण जमीन नांगरलेली नसल्याने हुमणी टिकून असते. जुलै-ऑगस्टच्या आडसालीत जूनमध्ये जमिनीची मशागत चाललेली असते, अंडी आणि कोवळ्या अळ्या उघड्यावर येऊन मरतात किंवा पक्षी टिपतात. शेतकऱ्याला ते हवंच असतं, प्रयोगाला नको.

एक गोष्ट मात्र उड्डाण बघतानाच पक्की करा: अळी कुठल्या प्रजातीची आहे. कृष्णा-वारणेच्या काठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा सुद्धा आहे. तिचा भुंगेरा संध्याकाळी थोडाच वेळ उडतो, कडुनिंब-बाभळीवर होलोट्रिकियासारखी गर्दी करत नाही, आणि तिच्या जीवनचक्राचं वेळापत्रकही वेगळं आहे. झाडावर भुंगेरे शून्य, आणि शेत अळ्यांनी भरलेलं, असं दिसलं तर आधी हीच शंका घ्या. अळीच्या शेवटच्या वलयाच्या खालच्या बाजूला काट्यांची जी मांडणी असते (रास्टर), ती स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहून गट ओळखता येतो. प्रजातीची खात्री नर भुंगेऱ्याच्या जननेंद्रियावरून होते, म्हणून दहा-बारा भुंगेरे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे ओळखीसाठी पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा जूनमध्येच पाठवायचे. थीसिसच्या शीर्षकात प्रजातीचं नाव आहे आणि ओळख कोणी केली याचा उल्लेख नाही, असं होऊ देऊ नका. शेणखतात सापडलेल्या अळ्यासुद्धा सरसकट हुमणी म्हणून मोजू नका. उकिरड्यात गेंड्या भुंग्याच्या आणि कुजक्या काडीकचऱ्यावर जगणाऱ्या इतर भुंगेऱ्यांच्या अळ्याही असतात.

शेत निवडताना गेल्या वर्षी तिथे हुमणी होती, एवढं पुरेसं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी ज्या रानात उभं राहिलं, ती रानं टाळा. पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत अळ्या गुदमरून मरतात, आणि चार दिवसांच्या पुरात वर्षभराचा प्रयोग जातो. गावातल्या कुणालाही विचारलं तरी पाणी कुठवर चढलं होतं ते बोटाने दाखवतील. रस्त्यावरच्या दिव्याखालचा तुकडाही नको, भुंगेरे उजेडाकडे येतात आणि त्या टोकाला अळ्यांची दाटी होते.

वाफा ८ सऱ्यांचा आणि ८ मीटर लांब घ्या. सरी ४ फुटी म्हणजे १.२ मीटर धरली तर ९.६ गुणिले ८, म्हणजे ७६.८ चौरस मीटर. कडेच्या १ आणि ८ नंबरच्या सऱ्या संरक्षक. २ आणि ७ नंबरच्या सऱ्या खड्ड्यांसाठी, त्यांचं उत्पादन धरायचंच नाही. मधल्या चार सऱ्या, दोन्ही टोकांचा एकेक मीटर सोडून, ही नेट प्लॉट: ४.८ गुणिले ६, म्हणजे २८.८ चौरस मीटर. खड्ड्यात बेट उपटलं जातं. ज्या सरीतून उत्पादन मोजायचं तिथेच खणलं, की हुमणीने घटवलं किती आणि कुदळीने किती हे वेगळं काढता येत नाही. २४ वाफे, मधल्या वाटा धरून, २२-२३ गुंठ्यांत बसतात.

ब्लॉक कसे टाकायचे हे शेतात उभं राहून ठरवा, कागदावर नाही. अळ्यांची दाटी कुठून कुठे कमी होत जाते ते शोधा. पूर्वेच्या बांधावर कडुनिंब असेल तर दाटी बांधापासून पश्चिमेला कमी होत जाते, म्हणून ब्लॉक बांधाला समांतर पट्ट्यात. पहिला ब्लॉक बांधालगत, चौथा सगळ्यात लांब. पुष्कळदा विद्यार्थी पाण्याच्या दांडाच्या सोयीने ब्लॉक पाडतात. मग एकाच ब्लॉकमध्ये एक वाफा झाडाखाली आणि एक ५० मीटर दूर येतो, आणि ब्लॉक पाडण्याचा अर्थच जातो. पाटपाण्याचं रान असेल तर एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वाहू देऊ नका, बुरशीचे बीजाणू, सूत्रकृमी आणि कीटकनाशक तिन्ही त्याबरोबर वाहतात. वाफ्याच्या टोकाला आडवे बांध घाला. ठिबकचं रान मिळालं तर उत्तम, पण ट्रीटमेंट ठिबकमधून देऊ नका, एका लाइनवर अनेक वाफे असतात.

ट्रीटमेंटच्या दोन दिवस आधी प्री-काउंट. खड्डा सरीच्या दिशेने अर्धा मीटर लांब, ओळीच्या दोन्ही बाजूंना ३०-३० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल. माती पांढऱ्या ताडपत्रीवर घेऊन हाताने फोडा आणि चाळणीतून काढा. पहिल्या अवस्थेतली अळी लहान आणि मातकट मुळांत गुरफटलेली असते, नुसत्या नजरेने निम्म्या निसटतात. मोजणारी माणसं शेवटपर्यंत तीच ठेवा, आणि एका माणसाने एक अख्खा ब्लॉक मोजायचा. माणसामाणसातला फरक मग ब्लॉकमध्ये जातो, ट्रीटमेंटमध्ये नाही. प्री-काउंटचा नकाशा बांधापासूनच्या अंदाजाशी जुळला तर ब्लॉक तसेच ठेवा. जुळला नाही, तर २४ वाफे प्री-काउंटच्या उतरत्या क्रमाने लावून सहा-सहाचे चार गट करा आणि तेच ब्लॉक धरा. वाफे एकमेकांना लागून नसले तरी चालतं, फक्त गाईडना आधी सांगून सायनॉप्सिसमध्ये तसं लिहा. चिठ्ठ्या टाकून ट्रीटमेंट वाटायच्या त्या यानंतर.

शेणखताबद्दल आग्रहाने सांगतो. मेटारायझियम शेणखतात मिसळून देतात आणि अनट्रीटेड वाफ्याला काहीच देत नाहीत. शेणखताने अळीचं खाणं बदलतं, मुळं बदलतात, ओल टिकते, शिवाय त्यात मुळातच काही अळ्या असू शकतात. मग मोजता ते बुरशी की शेणखत? म्हणून सहाही ट्रीटमेंटला, कीटकनाशकालासुद्धा, तेवढंच आणि त्याच ढिगातलं चाळलेलं शेणखत द्या. हेक्टरी २५० किलोने वाफ्याला १.९२ किलो. सहावी ट्रीटमेंट, म्हणजे आपला कंट्रोल, ‘फक्त शेणखत’ ठेवण्याचं कारण हेच.

बाकीची मापं वाफ्याला अशी येतात. मेटारायझियम हेक्टरी २० किलोने १५४ ग्रॅम. सूत्रकृमी हेक्टरी २५० कोटी इन्फेक्टिव्ह ज्युव्हेनाइल (कीटकात शिरू शकणारी कोवळी अवस्था), म्हणजे चौरस सेंटिमीटरला २५, वाफ्याला १ कोटी ९२ लाख. कीटकनाशक ३.८४ ग्रॅम, ते हेक्टरी १००० लिटर पाण्याच्या हिशेबाने ७.६८ लिटरमध्ये. वाफ्यात एकूण ६४ मीटर सरी आहे, म्हणजे मीटरला १२० मि.लि. पंपाचं नोझल काढून बेटाच्या बुडाशी आळवणी करा. एक मीटरला किती सेकंद धरायचं ते मोजपात्रात आधी बसवून घ्या. पाणीसुद्धा सगळ्या वाफ्यांना सारखं, ज्यात काही मिसळायचं नाही तिथेही तेवढंच साधं पाणी. ३.८४ ग्रॅम वजनासाठी दुकानातला काटा चालणार नाही, कॉलेजच्या बॅलन्सवर पुड्या बांधून न्या.

मेटारायझियमचं पाकीट उघडून सरळ शेतात टाकलं, हा तुमच्या प्रयोगातला न दिसलेला दोष असू शकतो. पाकिटावर ग्रॅमला १० कोटी बीजाणू छापलेले असतात, आत तेवढे जिवंत असतीलच असं नाही. दुकानात पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेलं पाकीट मेलेल्या पावडरीसारखंच. तपासणी सोपी आहे. १० ग्रॅम पावडर ०.०५ टक्के ट्वीन-८० घातलेल्या ९० मि.लि. निर्जंतुक पाण्यात अर्धा तास हलवा. पुढे दहा-दहा पट पातळ करत एक लाख पटीपर्यंत जा. त्यातलं ०.१ मि.लि. क्लोरॅम्फेनिकॉल घातलेल्या पीडीएच्या (बुरशी वाढवायच्या बटाटा-आगर माध्यमाच्या) प्लेटवर पसरा, पाच प्लेट. २५ ते २७ अंशांवर पाच-सहा दिवस. लेबलप्रमाणे माल असेल तर प्लेटला साधारण १०० वसाहती यायला हव्यात, आधी पांढऱ्या आणि मग हिरव्या. ४० आल्या तर ४० गुणिले १ लाख गुणिले १०, म्हणजे ग्रॅमला ४ कोटी, लेबलच्या चाळीस टक्के. अशा वेळी पाकीट बदला, किंवा जिवंत बीजाणूंच्या हिशेबाने वजन वाढवा आणि थीसिसमध्ये तसं लिहा. सूत्रकृमीचा एक थेंब वापरायच्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघा: जिवंत वळवळतात, मेलेल्या काडीसारख्या सरळ पडतात. दोन्ही जैविक घटक संध्याकाळी, वाफसा किंवा त्याहून थोड्या जास्त ओलीवर द्या आणि लगेच मातीने झाका. ऊन दोघांचाही शत्रू. त्या रानात महिनाभर बुरशीनाशकाची आळवणी होणार नाही, हे शेतकऱ्याकडून आधी वदवून घ्या.

ट्रीटमेंटनंतर ३०, ६० आणि ९० दिवसांनी पुन्हा चार-चार खड्डे, दर वेळी नव्या जागी. प्री-काउंट धरून वाफ्याला १६ खड्डे, एकूण आठ मीटर सरी. दोन सऱ्यांत बारा मीटर उपलब्ध आहे, म्हणजे मधे अंतर राहतं. ९० दिवसांचा खड्डा ऑक्टोबरमध्ये येतो, आणि तो ३० सें.मी.वर थांबवला तर फसवणूक होते. अळी खोल जाऊ लागलेली असते, म्हणून वरच्या थरात सगळीकडेच आकडे घटतात आणि प्रत्येक ट्रीटमेंट ‘परिणामकारक’ वाटते. त्या वेळी किमान ६० सें.मी. जा, आणि वरचा ३० व खालचा ३० वेगळा नोंदवा.

मेलेल्या अळ्या फेकू नका. प्रत्येकीला वेगळ्या डबीत, वाफ्याच्या नंबरासह प्रयोगशाळेत आणा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक-दोन मिनिटं, तीनदा निर्जंतुक पाण्याने धुऊन ओल्या फिल्टर पेपरवर. मेटारायझियमची असेल तर काही दिवसांत अंगावर पांढरी वाढ आणि मग हिरवी पूड येते. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मेलेली अळी विटकरी लाल पडते. या अळ्यांची संख्या थोडीच असेल, पण शेतात अळी त्याच जिवाने मेली याचा पुरावा तेवढाच आहे, नुसती संख्या घटल्याने तो मिळत नाही. जिवंत अळ्या बायोअसेसाठी आणत असाल तर एका डबीत एकच, कारण तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या एकमेकींना चावून मारतात. आधी आठवडाभर गाजराच्या तुकड्यावर वेगळ्या ठेवा, आतच आजारी असलेल्या तेवढ्यात गळतात. बायोअसेत कंट्रोलमधली मर २० टक्क्यांवर गेली तर तो संच रद्द करून नव्याने लावा.

विश्लेषणात एकाच माहितीवरून तीन वेगळी उत्तरं कशी निघतात ते पाहा. ट्रीटमेंटच्या खड्ड्यांत आधी सरासरी ६ अळ्या, नंतर २. कंट्रोलमध्ये आधी ४, नंतर ३. नुसती घट काढली तर ६ वरून २, म्हणजे ६६.७ टक्के. फक्त नंतरचे आकडे घेऊन अ‍ॅबट लावला तर (३ वजा २) भागिले ३, म्हणजे ३३.३ टक्के. हेंडरसन-टिल्टनच्या सूत्राने (२ गुणिले ४) भागिले (६ गुणिले ३), म्हणजे ८ भागिले १८, ते १ मधून वजा, ५५.६ टक्के. पहिल्यात कंट्रोलमधली नैसर्गिक घट धरलेली नाही, दुसऱ्यात सुरुवातीची असमानता धरलेली नाही. हुमणीत सुरुवातीच्या संख्या सारख्या नसतात, म्हणून हेंडरसन-टिल्टन. पण हे सूत्र ट्रीटमेंटच्या एकूण बेरजेवर वापरा, वाफ्यावाफ्याला नको. एखाद्या वाफ्यात कंट्रोलचा आकडा शून्य आला की भागाकारच होत नाही, आणि उणे टक्के घेऊन अ‍ॅनोव्हा करणं निरर्थक आहे.

अ‍ॅनोव्हा वाफ्यातल्या प्रत्यक्ष संख्येवर करा. संख्येत ०.५ मिळवून वर्गमूळ, आणि प्री-काउंट कोव्हेरिएट (सुरुवातीचा फरक हिशेबात धरणारा आकडा) म्हणून. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये निगेटिव्ह बायनॉमिअल मॉडेल (गर्दीने आढळणाऱ्या संख्यांसाठीचं) बसवता आलं तर हुमणीसाठी तेच जास्त योग्य. कमिटीला अ‍ॅनोव्हाचा तक्ता हवा असतो, तेव्हा दोन्ही द्या. तक्त्यात मूळ सरासरी बाहेर आणि रूपांतरित किंमत कंसात. सीडी (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे खरा मानायचा किमान फरक) रूपांतरित किमतीचा असतो, तो मूळ सरासऱ्यांच्या फरकाशी लावू नका. वाळलेल्या बेटांच्या टक्केवारीला आर्कसाइन. बेट वाळलं म्हणजे हुमणीच, असं धरू नका. मर रोग, वाळवी आणि मूळ पोखरणारी अळी यांनीही बेट वाळतं. हुमणीचं बेट हाताने ओढलं की मुळं कुरतडलेली असल्याने सहज वर येतं, प्रत्येक बेट ओढून बघूनच मोजा.

शेतकऱ्याशी बोलणं मेमध्येच करा, ऊस पिवळा पडल्यावर नाही. त्याच्या दृष्टीने चार वाफ्यांत काहीच न टाकणं म्हणजे डोळ्यादेखत नुकसान, आणि ऑगस्टमध्ये घरातलं कुणीतरी प्रेमापोटी तिथे औषध ओतून येतं. कंट्रोलचे चार वाफे म्हणजे ३०७ चौरस मीटर, जेमतेम तीन गुंठे. त्या तीन गुंठ्यांची संभाव्य घट भरून देण्याचं आधी कबूल करा, वाफ्यांचा नकाशा त्यांच्या घरी द्या, आणि प्रयोग संपल्यावर त्या वाफ्यांत काय करायचं तेही तेव्हाच ठरवा. वहिनी, आजोबा, पाणी पाजणारा गडी, सगळ्यांना वाफ्यांवरच्या खुंट्यांचे रंग माहीत हवेत.

काढणीची तारीख तुमच्या हातात नसते, ती कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात ठरते. कारखान्याच्या गट ऑफिसला नोव्हेंबरमध्येच भेटून नोंद तारीख घ्या आणि टोळी येण्याच्या आदल्या दिवशी नेट प्लॉट स्वतःचे मजूर लावून तोडा. टोळी एकदा फडात शिरली की मोळ्या वाफ्यांप्रमाणे वेगळ्या राहत नाहीत. वाढं आणि पाचट काढून, तिपाईला टांगलेल्या काट्यावर वाफ्यावाफ्याचं वजन घ्या, गाळपालायक उसांची संख्या मोजा, आणि त्यातले दहा ऊस रसाच्या तपासणीला बाजूला ठेवा. ते त्याच दिवशी गाळले पाहिजेत, उशीर झाला तर साखर उतरते. २८.८ चौरस मीटरचं वजन किलोत आलं की त्याला ०.३४७ ने गुणा, हेक्टरी टन मिळतात. मोजून झालेला ऊस शेतकऱ्याच्याच खेपेत चढवून द्या आणि त्याचं वजन त्याच्या पावतीत आलं आहे ना, ते बघूनच फडातून निघा.